पपईचं कमळ

त्या शनिवारी सकाळी दहा वाजता नऊ बायका पिशवीत एकेक पपई घेऊन क्लेटनच्या नेबरहूड हाउस या समाजकेंद्राच्या दाराशी उभ्या होत्या. दाराची किल्ली माझ्या खिशात होती. ती नोईची किल्ली. नोई माझी बायको. शुक्रवारी संध्याकाळी तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला, आणि शनिवारी सकाळी साडेसहाला डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून ती गेल्याचं सांगितलं. ती फळं कोरायला शिकवायची, त्या वर्गातल्या बायकांचे नंबर तिच्या फोनमध्ये होते आणि तो मला उघडता येईना. म्हणून मीच गेलो.

मला बघून त्यांच्यातली सुनेत्रा म्हणाली, "काय रे धर्मपाल, आज मास्तरीणबाई कुठायत? ड्रायव्हरला पुढे पाठवलं वाटतं!"

मग तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

मी काय बोललो ते आठवत नाही. एवढंच आठवतं, की एक ग्रीक आजी पपई छातीशी धरून पायरीवर बसली आणि "पण मागच्या शनिवारी तर हसत होती ती," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. नोई कशी होती ते लिहितोय. मला सजवून लिहिता येत नाही. सजवायचं काम तिचं होतं.

आमची भेट माझ्या चोरीमुळे झाली.

सन २००८, मे महिना. मी अकोल्याहून इथे परदेशात मास्टर्स करायला आलो होतो. तेव्हा विमानं भरभरून आपली मुलं येत होती. क्लेटनला तीन खोल्यांच्या घरात आम्ही आठ जण राहायचो. बुद्धपौर्णिमेला पंपावरची शिफ्ट संपवून, काही न खाता, मी बसने तिथल्या थाई विहारात गेलो. इथे मेमध्ये थंडी पडते. बाहेर बारीक पाऊस, बोटं गारठलेली. आत लांब टेबलावर बश्या मांडल्या होत्या. आमच्याकडे विहारात असं जेवण मांडलेलं असलं, की ते आलेल्या माणसांसाठी असतं. मी पुढची बशी उचलली. तिच्यात पपईचं कमळ होतं... पाकळ्या इतक्या पातळ की पलीकडचा उजेड दिसत होता. मी ते उभ्या उभ्या संपवलं.

"तू... बुद्धाचं कमळ खाल्लंस?"

मी वळलो. एक मुलगी उभी होती. केसांवर पावसाचे थेंब, हातात बोटाएवढी सुरी. इंग्रजी अडखळत, पण राग स्वच्छ.

"सॉरी. मला वाटलं, जेवण आहे."

"पूजेला ठेवायचं होतं. तीन तास लागले मला."

"मला तीन मिनिटं."

बोललो आणि वाटलं, आता ती सुरी चालवते. पण तिने तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले. हसत होती!

"निदान गोड तरी होती का?"

"फार. अजून एक आहे?"

"आधी भांडी घास."

मी चार वाजेपर्यंत ताटं धुतली. ती शेजारी उभी राहून पुसत होती. तिचं कागदावरचं नाव सुनिसा, पण सगळे नोई म्हणायचे. फेत्चबुरी या थाई गावाची. कोरीवकाम आत्याने शिकवलेलं. आत्या गावच्या शाळेत तेच शिकवायची. इथे नोई इंग्रजी शिकायला आली होती आणि एका रेस्टॉरंटमध्ये मागच्या बाजूला भाज्या धुवायची.

"मग तिथे हे का नाही करत?" मी विचारलं.

"तिथे मला नाव नाही. 'ए, गाजरं आण' एवढंच."

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. पपई परवडायची नाही, म्हणून किलोभर गाजरं नेली.

"बाकीची मुलं फुलं आणतात," ती म्हणाली.

"मी कच्चा माल आणतो."

तिने त्या गाजरांची पानं केली, मासे केले, एकदा माझं नाकही केलं. कमळ मात्र नाही. "तुझ्यासमोर कमळ करणार नाही. भरवसा नाही तुझा."

ऑगस्टमध्ये क्लेटनच्या रेल्वे फाटकाशी आम्ही एका छत्रीत उभे होतो. ते फाटक एकदा पडलं की लवकर उठायचं नाही. दोन गाड्या गेल्या, तिसरीची घंटा चालूच होती. माझ्या मनात आलं, हीच वेळ.

"नोई, लग्न करशील माझ्याशी? फाटक उघडायच्या आत सांग."

ती गाडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझी बायको व्हायला आवडेल... पण नुसती बायको होऊन राहणार नाही. तुझ्या व्हिसावर येईन, पण माझ्या नावाने कोणीतरी दार वाजवलं पाहिजे."

"मी वाजवतो की."

"तू नको. तू खायला येतोस."

फाटक उघडलं. ती चालायला लागली, आणि चालता चालता तिने माझी करंगळी धरली. मी अख्खा रस्ता छत्री तिच्यावर धरून भिजलो.

आईला फोन केला तेव्हा तिने एकच विचारलं, "विहारात भेटली ना? मग माझी काय हरकत?" लग्न त्याच विहारात झालं. तिच्याकडच्यांनी आमच्या हातांवर पाणी ओतलं, आमच्या पोरांनी "जय भीम" म्हणून हॉल दणाणून सोडला.

मग दार वाजायची वाट बघणं सुरू झालं.

पहिल्यांदा तिने मसाज पार्लरमध्ये काम धरलं. तिसऱ्या दिवशी दुपारीच घरी आली. "गिऱ्हाईक काय बोलला ते तुला सांगणार नाही. त्याला मी काय बोलले ते सांगते," म्हणाली आणि थाईमध्ये असं काही बोलली, की अर्थ न कळूनही मी दोन पावलं मागे सरकलो. तिने ते काम सोडलं, पण विद्या सोडली नाही. कोर्स केला, सर्टिफिकेट घेतलं आणि वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचे गुडघे-खांदे चोळायला जाऊ लागली. घरी करी पेस्ट कुटून विकायची ठरवली. काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, माणसाने स्वयंपाकघरात दुसरं बेसिन हवं म्हणून सांगितलं. घर भाड्याचं. तो बेत राहिला. दुसऱ्याच दिवशी ती जुनं शिवणयंत्र घेऊन आली.

त्याच शिवणयंत्रामुळे दार वाजलं. सुनेत्रा आमच्या गल्लीतली, पुण्याची. तिच्या ब्लाउजच्या बाह्या दंडाला काचत होत्या.

"नोई आहे का?" तिने विचारलं.

मी आत ओरडलो, "नोई, तुझ्याकडे कोणीतरी आलंय!" ती धावत आली, दारात थांबली, केस नीट केले... आणि मग शांतपणे म्हणाली, "येस, मी नोई."

सुनेत्राच्या डोहाळजेवणाला तिने कलिंगडाचा पाळणा कोरला. त्याचे फोटो काढून काढून बायका दमल्या, पण तो कापू कोणी देईना. तिथेच नेबरहूड हाउसची व्यवस्थापक होती. तिने विचारलं, "शिकवशील?"

घरी येऊन नोई घाबरली. "माझं इंग्रजी? मी काय बोलणार?"

"मला भांडी घासायला लावलीस तेव्हा जसं बोललीस, तसंच बोल."

पहिल्या वर्गाच्या सकाळी तिने माझ्या हातात डबा दिला. उघडला तर आत पपईचं कमळ. दोन वर्षांत पहिलं.

"हे... पूजेचं?"

"तुझं आहे. खा."

"सगळं?"

"सगळं. पण हळू. तीन तास लागलेत."

'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं आम्ही एकमेकांना कधी म्हटलं नाही. त्या दिवशी मी एक-एक पाकळी खाल्ली, आणि ती समोर बसून बघत होती. मला वाटतं, तेवढं पुरे झालं.

सात वर्षं तिने वर्ग चालवला. दहा शनिवारांचा एक वर्ग. पहिल्या दिवशी गाजराचं पान, मग काकडी, मग कलिंगड, आणि अगदी शेवटी कमळ. बायका नाव नोंदवायला यायच्या तेव्हा "नोईचा वर्ग" असंच म्हणायच्या.

परवा सुनेत्रा आली होती. तिच्याबरोबर ती ग्रीक आजी. सुनेत्रा दारातच म्हणाली, "धर्मपाल, आम्हाला पुढचं शिकायचंय. तू इतकी वर्षं बघितलंस. दाखव ना."

"मला येत नाही गं," मी म्हटलं. "मी फक्त खाल्लंय."

आजीला काही कळलं नाही, पण सुनेत्रा हसली आणि मग हसता हसता रडली.

नोईची सुरी मी धुऊन, पुसून ठेवली आहे. किल्ली अजून माझ्याकडे आहे. या वेळचे नऊ शनिवार झाले होते. दहावा कमळाचा होता. तो राहिला आहे.