कोरीटपर्यंतची सोबत

सन दोन हजार पंचवीस, एप्रिल महिना. चैत्र उतरत आला होता, ईद होऊन तीन आठवडे झाले होते, आणि नंदुरबारात सकाळी नऊलाच पत्रे तापून कडकड वाजायला लागत होते. वार सोमवार. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोक म्हणाले, म्हाताऱ्याला उन्हाने भ्रम झाला. भ्रम झालेल्या माणसाला वार आठवत नाही.

मी अजीज पिंजारी. कापूस पिंजण्यात आणि गाद्या भरण्यात जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत. ऐकायचं तर बसा, पण मधे बोलू नका.

रिम्शा माझी नात. मला दादा म्हणते. ती पळते. तिचं पळणं मीच घरात लावून धरलं, मुलाशी भांडून. आदल्या दिवशी, रविवारी, गावात मोठी शर्यत झाली. नंदुरबारातून कोरीटच्या फाट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. ठरल्या वेळेत जी पोर येईल तिला नाशिकच्या शिबिरात जागा. शर्यत उजाडताना सुटायची होती. पाहुणे आले नाहीत म्हणून पोरं ताटकळत ठेवली. पाहुणे आले, हार झाले, भाषण झालं, फोटो झाले, आणि ऊन डोक्यावर आल्यावर पोरांना सोडलं. मंडपाला पंखे पाहुण्यांसाठी होते. मी तिथेच मोठ्याने बोललो. कोणी ऐकलं नाही.

तरी रिम्शा वेळेत आली. कशी आली ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

सोमवारी तिच्या सरांचा फोन. म्हणे आज हलकं पळायचं, रिकव्हरी रन, म्हणजे अंग मोकळं होतं. मी म्हटलं, काल मरता मरता आली, आज झोपू दे. माणूस आहे की बैल? बैलालासुद्धा दुसऱ्या दिवशी कोणी जुंपत नाही. पण पोर ऐकेना. सकाळी कॉलेजात पेपर होता, संध्याकाळी खांडबाऱ्याला लग्नाला जायचं होतं. मधली दुपार तेवढी मोकळी. मग मी डोक्याला रुमाल बांधला, पाण्याचा कॅन सायकलला अडकवला आणि तिच्यासोबत निघालो. एकटी सोडणार नव्हतो.

कोरीट रस्त्याला लागलो. रस्त्यावर माणूस नाही. डांबर मऊ झालेलं, टायर चिकटून सुटताना चरचर आवाज करत होता. दोन्ही बाजूंना मिरचीच्या पथारी. गावाबाहेर मोकळ्या जमिनीवर मिरची वाळत घालतात, त्याला आम्ही पथारी म्हणतो. हंगामात लांबून लाल समुद्र दिसतो. आता पथारी उचलल्या होत्या. नुसती जमीन, लालसर डाग पडलेली.

रिम्शा हळू पळत होती, मी शेजारून पायडल मारत होतो. पळता पळता ती कालचं सांगायला लागली. शेवटच्या टप्प्यात तिचे पाय गेले होते. डोळ्यांपुढे पिवळं झालं. पाण्याच्या टेबलावर नुसते रिकामे पेले. ती बसणारच होती, तेवढ्यात एक बाई शेजारून पळायला लागली. नऊवारी खोचलेली, पायात रबरी चपला. म्हणाली, मन्हा मांगे मांगे चाल. बाईच्या चपलांचा ताल धरून ही पळत राहिली आणि वेळेत पोचली.

मी विचारलं, मग ती बाई कुठे गेली?

काय माहीत, गर्दीत गेली असेल, असं ती म्हणाली.

मला राग आला. माझा बाप सांगायचा, वाटेत कोणी सोबत केली तर आपलं घर आलं म्हणून त्याला तिथेच सोडायचं नाही. उलटं फिरायचं, त्याला पोचवायचं. निदान विचारायचं, तुला कुठे जायचं आहे. आमच्याकडे ही साधी रीत आहे. शाळेत शिकवत नाहीत म्हणून कोणी विसरावी असं नाही. मी तिला तेच सुनावलं. ती हसली.

"दादा, ती शर्यत व्हती. वरात नही."

मी पायडल मारत राहिलो.

थोडं पुढे गेल्यावर नाकात मिरची झोंबली. ताजी, कुटताना उडते तशी. मी शिंकलो. आजूबाजूला मिरची कुठेच नव्हती. वाराही नव्हता. आणि मग आवाज आला. चपलांचा. फट, फट, फट. रबरी चपला टाचेवर आपटतात तसा. रिम्शाच्या पायात बूट होते.

मी मागे पाहिलं. रस्ता रिकामा.

रिम्शाचा वेग वाढला होता. मला वाटलं, पोर रागावली, आता मला दमवते आहे. मी हाक मारली, हळू, सरांनी काय सांगितलं आहे? ती वळली नाही. फाटा आला. तिथून मागे फिरायचं ठरलं होतं. ती फिरली नाही. सरळ कोरीटकडे सुटली. मी पायडलवर उभा राहिलो. या वयात सायकलवर उभं राहून पाहा म्हणजे कळेल. कसाबसा शेजारी पोचलो आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं.

तोंड कोरडं होतं. एवढ्या उन्हात घामाचा थेंब नाही. ओठ पांढरे. डोळे समोर लागलेले.

"थांब," मी म्हटलं.

"थांबता येत नही, दादा..." ती अगदी हळू बोलली, कोणी ऐकेल अशी भीती असल्यासारखी. "मन्हा पाय... मन्हा नहीत."

घाम आटला की माणूस किती वेळ टिकतो, हे खानदेशात कोणाला सांगावं लागत नाही. अशी माणसं मी पाहिली आहेत. उभी असतात, बोलत असतात, आणि मग नसतात.

मी सायकल पुढे काढली, रस्त्यात आडवी घातली आणि दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. रिम्शा येऊन सायकलीवर आदळली. अंग थांबलं. पाय थांबले नाहीत. सायकलीच्या दांड्याला पोट टेकवून ती उभी होती आणि खाली पाय पळतच होते. जागच्या जागी. तिच्या डाव्या हाताला, जिथे कोणी नव्हतं, तिथेही धूळ उडत होती. फट, फट, फट. तिथेही कोणी जागच्या जागी पळत होतं.

मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू? पण भीतीच्या आधी संताप आला. एवढीशी पोर, तिला कालही उन्हात मारायला काढलं आणि आजही मारायला काढलं. मी त्या धुळीकडे पाहून विचारलं, "कोन शेस तू? पोरले सोड."

उत्तर रिम्शाच्या तोंडातून आलं. आवाज तिचा नव्हता. दमलेल्या बाईचा होता.

"माले घर लगून सोडा... गाडीवर सोडी देऊ म्हनेत... कोनी उनं नही..."

तेव्हा मला कळलं.

गेल्या वर्षी हीच शर्यत, ती भरवणारं हेच मंडळ. पथारीवर मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांना पोरांना पाणी द्यायला उभं केलं होतं. त्यातली एक कोरीटची छबूबाई. तिला सांगितलं होतं, कार्यक्रम झाला की गाडीने घरी सोडू. कार्यक्रम झाला. गाडीत पाहुणे बसले, पाहुण्यांचे हार बसले, उरलेल्या पाण्याचे खोके बसले. छबूबाईला जागा राहिली नाही. परत येतो म्हणाले. ती टेबलाशी थांबून राहिली, मग भर दुपारी चालत निघाली. संध्याकाळी याच रस्त्याच्या कडेला सापडली. आम्ही चार माणसं मंडळाकडे विचारायला गेलो होतो. ती आमची नोकर नव्हती, असं म्हणाले. चहा घ्या म्हणाले. या वर्षीच्या फलकावर पाहुण्यांची तोंडं होती. तिचं नाव कोपऱ्यातही नव्हतं.

आता बोला. अशा बाईवर मी ओरडायचं कसं? आणि पोर तर समोर सुकत होती.

"छबूबाई," मी म्हटलं. "ज्यास्नी तुले सोडं नही, त्यास्नं पाप ह्या पोरवर काढू नको. तू तिले काल पोचाडं. तिन्ही चूक झायी, तिन्ही मांगे वळीसन पाहं नही. तिन्हं देनं मन्हावर. मी येस तुन्हासंगे, घर लगून. पन चालत. पयनं मन्हाकडथीन व्हनार नही."

धूळ उडायची थांबली. रिम्शाचे पाय थांबले. ती पोत्यासारखी खाली बसली. मी कॅन तिच्या डोक्यावर रिता केला, रुमाल भिजवून मानेवर ठेवला. थोड्या वेळाने तिच्या कपाळावर घाम फुटला. तो घाम पाहून मी अल्लाचं नाव घेतलं. ती रडायला लागली. रडली म्हणजे वाचली.

कोरीटकडून भिलाची रिक्षा आली. भिला आमच्या गल्लीतला, तोंडाने वाह्यात पण कामाला सरळ. म्हणाला, अजीजचाचा, या वयात शर्यत लावली का नातीशी? मग पोरीकडे पाहिलं आणि खाली उतरला. आम्ही तिला मागे आडवी केली, सायकल टपावर बांधली. सरळ दवाखान्यात ने, असं मी सांगितलं. तुम्हीही बसा, तो म्हणाला. मी म्हटलं, मला कोरीटला जायचं आहे. या उन्हात? मी म्हटलं, हो.

त्याने माझ्या खांद्यामागे पाहिलं.

"आनि त्या बाई? त्यास्ले लई जाऊ का?"

"त्या मन्हासंगे शेतस," मी म्हटलं.

भिलाने मान हलवली आणि रिक्षा नंदुरबारकडे काढली.

मी चालायला लागलो. बाईमाणसाला पोचवायचं असेल तर आपण पुढे चालायचं आणि मागे वळून पाहायचं नाही. हेही बापानेच सांगितलेलं. मागून चपला येत होत्या. आता हळू. फट... फट... मिरचीच्या वासाने माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उन्हाची झळ समोरून येत होती आणि पाठ मात्र गार पडली होती. भिंतीच्या सावलीत बसल्यावर पडते तशी.

मी चालता चालता बोलत होतो. मंडळाला शिव्या दिल्या, पाहुण्यांना दिल्या, फोटो काढणाऱ्यांना दिल्या. जे त्या दिवशी चहा समोर ठेवून त्यांनी मला बोलू दिलं नव्हतं, ते सगळं बोललो. ऐकणारी एकच होती आणि ऐकायचा हक्कही तिचाच होता.  मधे एकदा, जिथे ती सापडली होती त्या निंबाजवळ, चपलांचा ताल चुकला. आवाज दाटल्यासारखा झाला, फटफट, फटफट. मला वाटलं, तिला दम लागला. मी पाय आवरले. मग पुन्हा चालायला लागलो.

कोरीटच्या वेशीत खिशातला फोन वाजला. माझा मुलगा अकील बोलत होता. दवाखान्यात सलाईन लावलं, रिम्शा बरी आहे, कलिंगड मागते आहे, आणि तुम्ही आहात कुठे? मी म्हटलं, काम आहे, येतो. फोन ठेवला. छातीवरचं ओझं उतरलं. आता मागे फिरलो असतो तर मला कोणी काय म्हणणार होतं? पण ज्यांनी शब्द देऊन पाळला नाही, त्यांच्यात मला बसायचं नव्हतं.

गावात दारं लावलेली. कुत्रीसुद्धा गटारात पडलेली. छबूबाईचं घर मला माहीत नव्हतं. विचारायला कोणी नव्हतं. पण एका गल्लीशी चपला माझ्या बाजूने पुढे गेल्या आणि मी आवाजामागे वळलो. शेवटचं घर मातीचं. दार उघडं. एवढ्या उन्हात दार उघडं ठेवणारं गावात ते एकच घर होतं. आवाज पुन्हा माझ्या मागे येऊन थांबला, घरची सून पाहुण्याला पुढे करते तसा. उंबऱ्याशी म्हातारी बसली होती. छबूबाईची सासू दगूबाई, हे नंतर कळलं. समोर पाण्याची बादली आणि तांब्या. उन्हातून आलेल्या माणसाने पाय धुवून घरात यायचं म्हणून ठेवतात तसा.

मी सलाम केला. म्हणालो, नंदुरबारचा अजीज, पोचवायला आलो आहे.

तिने कोणाला, कुठून, काही विचारलं नाही. माझ्या खांद्यामागे पाहिलं.

"उनी का?" म्हणाली, आली का म्हणून. "इतला उशीर?"

मी बाजूला झालो. चपला उंबऱ्यापाशी आल्या आणि काढल्याचा आवाज झाला. दगूबाईने तांब्या भरला आणि समोरच्या फरशीवर पाणी सोडलं. पाणी फरशीवर पडल्याचा आवाज आला नाही. पायांवर पडतं तसा आला. म्हातारी एका हाताने चोळत होती, टाचेतली धूळ काढतात तसं, आणि पुटपुटत होती. मी जमिनीकडे पाहत उभा होतो. ओली पावलं उंबरा ओलांडून आत गेली. घरात अंधार होता.

मिरचीचा वास गेला.

मी परत जायला वळणार होतो. दगूबाईने तांब्या पुन्हा भरला आणि हात तसाच थांबवला. ती अजून माझ्या मागेच पाहत होती.

"भाऊ," तिने हळू विचारलं, "हाई दुसरी कोन शे?"

माझी पाठ अजून गार होती. निंबाजवळ चपलांचा आवाज दुहेरी का झाला, ते आता कळलं.

मी जमिनीवर नजर ठेवून परतीच्या वाटेला लागलो. मागे पाहिलं नाही. मी शब्द एकीला दिला होता. तिला घरापर्यंत पोचवलं. देणं फिटलं.