बोरनाल्याची मधली बाई

राजुऱ्याच्या वाटेवरच्या मोहतुऱ्याला नगरपालिका मिळाली, तशी गावाची ऐट वाढली आणि घाणही. गावाच्या कडेने बोरनाला वाहायचा. वाहायचा म्हणजे पूर्वी. १९८६च्या वैशाखात तो राईस मिलचा भुसा, गटारं आणि फाटक्या चपला पोटात घेऊन नुसता पडून होता. सगळ्यात वाईट दशा मोहाच्या डोहाची. त्याचा एक काठ पालिकेचा, दुसरा पळसपेठ ग्रामपंचायतीचा आणि डोह कुणाचाच नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं त्याचं झालं होतं.

देवराव पालिकेत ओव्हरसियर होता. त्याचं घर डोहाच्या काठच्या वस्तीत, बुद्धविहाराला लागून. मागल्या आषाढात तुंबलेल्या डोहाचं पाणी वस्तीत शिरलं, विहिरीत उतरलं आणि अर्धी वस्ती काविळीने पिवळी पडली. त्याची आई मीराबाई मरणाच्या दारातून परत आली होती. यंदा पावसाच्या आत डोह उपसला नाही, तर म्हातारी दुसऱ्यांदा वाचणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून त्याने हातापाया पडून पालिकेचे अध्यक्ष आणि पळसपेठचे सरपंच इसरूभाऊ यांना एका सतरंजीवर बसवलं. पालिकेच्या माणसांनी गाळ खणायचा, पळसपेठच्या माणसांनी तो पलीकडे नेऊन शेतात टाकायचा, असं ठरलं. इसरूभाऊंनी अट एकच घातली. एकाने दुसऱ्याच्या माणसाला हुकूम द्यायचा नाही, काही विचारायचंही नाही. मागे रस्त्याच्या कामावर पालिकेचा मुकादम पळसपेठच्या बायांवर खेकसला होता, तेव्हा त्या घमेली टाकून सरळ घरी निघून गेल्या होत्या. अध्यक्षांनी मान डोलावली.

माणसांची रांग लागली आणि घमेली हातोहात निघाली. इकडे घमेलं घेताना काठ धरत नाहीत, बुडाखाली तळवा लावतात. काठ धरला की ओळखावं, गडी नवखा आहे.

पालिकेच्या रांगेत शेवटी गुलाब होता, झाडूखात्यातला. पळसपेठच्या रांगेत पहिली सोमारी. दोघांच्या मधोमध, गुडघाभर चिखलात, हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी राहायची. पदर पुढे ओढलेला. रांग दोन्हीकडे अडखळायची, पण तिच्यापाशी कधी अडली नाही. देवराव तिच्यावर खूश होता. अशा दहा बाया मिळाल्या तर अख्खा नाला उपसून काढीन, असं तो घरी आईला सांगायचा.

एका दुपारी तो पलीकडच्या काठावर गेला आणि हात लावावा म्हणून त्याने एक घमेलं घेतलं. अलीकडच्या काठावर उन्हाने तापलेली हीच लोखंडी घमेली लोक फडकं लावून उचलत होते. इथे बुड थंडगार होतं, माठासारखं. त्याने दुसरं घेतलं. तेही तसंच.

जेवायला सगळे सावलीत बसले. पळसाच्या द्रोणात आंबील आली. ती बाई काही वर आली नाही.

"गुलाब, ते मधली बाई कोण हाये रे?"

"मले काय ठाऊक, साहेब? पळसपेठची हाये ना! विचाराचं नाई, असं ठरलं ना आपलं."

देवराव इसरूभाऊंकडे गेला. "भाऊ, तुमची ते हिरव्या लुगड्यातली बाई जेवाले येत नाई."

"आमची?" इसरूभाऊंचा द्रोण हातातच राहिला. "तुमची हाये ते, देवरावभाऊ. आमी समजलो, मोहतुऱ्याचीच असन."

शेजारी सोमारी काडीने द्रोण टोचत बसली होती. तिने मान वर केली नाही. "काऊन विचारून राह्यले, भाऊ? गाळ जाऊन राह्यला ना?" तिने नवा द्रोण भरला आणि डोहाच्या कडेला नेऊन ठेवला.

जेवण झालं, काम सुरू झालं. देवराव मोहाच्या झाडाखालच्या दरडीवर चढला. आजवर त्याने रांग नेहमी टोकाला उभं राहून पाहिली होती. इथून ती आडवी दिसत होती.

गुलाबचे हात पुढे झाले. घमेलं सुटलं.

सोमारीचा तळवा खाली गेला. घमेलं आलं.

मध्ये माणूसभर रिकामी जागा होती. तिथे चिखलावर ऊन पडलं होतं.

देवरावने मोहाच्या खोडाला घट्ट धरलं. आता एक हाक मारली तर रांग फुटणार, आणि फुटलेली रांग या डोहावर पुन्हा कधीच लागणार नाही. पश्चिमेला ढग जमत होते. त्याला आईचे पिवळे डोळे आठवले.

तो खाली उतरला आणि मुकाट्याने फावडं घेऊन गाळ भरायला लागला.

पावसाच्या आत डोह मोकळा झाला. तळाचा झरा उघडला, खालची पांढरी वाळू दिसायला लागली. आषाढात पूर आला आणि शहाण्या पाहुण्यासारखा सरळ निघून गेला. वस्तीत कुणाचा उंबराही भिजला नाही. विहाराच्या अंगणात खीर वाटली, पळसपेठचे लोक गाडीबैल जुंपून आले, अध्यक्ष आणि इसरूभाऊ मांडीला मांडी लावून बसले. देवराव इतका सुखात कधी नव्हता.

श्रावणातल्या एका सकाळी तो दात घासत अंगणात उभा होता. मीराबाई डोहाकडून आली, कमरेवर भरलेली पितळी घागर घेऊन. काविळीपासून तिला रिकामा तांब्याही जड व्हायचा.

"माय, घागर कोणं उचलून देली?"

"ते बाई हाये ना तिथी, हिरव्या लुगड्याची. मी घागर बुडवली, तिनं भरून वर देली." मीराबाई हसली. "लय गोड हाये रे बिचारी. पाणी पण गोड हाये, पिऊन पाह्य."

देवराव पाणी प्यायला. खरंच गोड होतं. आईच्या डोळ्यांत पिवळेपणाचा मागमूस नव्हता.

त्याने घागर चुलीपाशी ठेवायला उचलली, तेव्हा हाताला काहीतरी लागलं. बुडाखाली, मधोमध, काळ्या गाळाचा एक तळवा उमटला होता. पाचही बोटं स्पष्ट.

डोहात आता नुसती पांढरी वाळू होती. हा गाळ मात्र ओला होता.