वरच्या खोलीतली तिंदारा

सरकारी उत्तर आलं तेव्हा तिंदारा पारातोरे वांगी तळत होती. ऑस्ट्रेलिया सोडायची परवानगी नाही; कारण पुरेसं निकडीचं वाटत नाही. तिने झारा कढईत आपटला. तेलाचे शिंतोडे भिंतीवर उडाले.

"आई मरायला टेकलीय, ते निकडीचं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "मेल्यावर चालेल बहुतेक यांना."

व्हिन्स मागच्या दारात बसून समुद्रातली शेवंडं पकडायचा पिंजरा दुरुस्त करत होता. "पुन्हा अर्ज कर," तो मान वर न करता म्हणाला.

"तुला काय जातंय बोलायला? तुझी माणसं सगळी इथेच, फ्रीमँटलच्या मातीत आहेत."

पर्थहून दोहा, तिथून रोम, मग कतानिया, अशी विमानं तिने कितीतरी खटपटीने जुळवली होती. करोनामुळे एक रद्द झालं की दुसरं धरायचं. सिसिलीत उतरल्यावर बस किंवा रेल्वेत पाय ठेवायची बंदी, म्हणून मावसभाऊ नुन्झियो स्वतःची मोटार घेऊन विमानतळावर येणार होता. माहेरच्या घरी वरच्या खोलीत विलगीकरण, आणि ते संपलं की खाली आई. सगळं ठरलेलं.

रागाच्या भरात तिने कोणालाच काही कळवलं नाही. ठरलेला दिवस उलटून गेल्यावर नुन्झियोची माफी मागायला फोन केला.

"माफी कसली, ताई? काल दारात सोडलं की तुला. वाटभर एक अक्षर बोलली नाहीस. एवढी दमलीस?"

"थट्टा नको. मी फ्रीमँटलला आहे. स्वतःच्या घरात."

तो हसला. मग हसणं मध्येच थांबलं. "तूच होतीस," तो म्हणाला. "मास्क होता, पण डोळे तुझेच होते."

तिने फोन आपटून धाकट्या भावाला, लिल्लोला लावला.

"ताई, वरून फोन कशाला करतेस? नुसतं जमिनीवर ठोक. सूप जिन्यावर ठेवलंय."

"लिल्लो, वर जा. ती खोली उघड."

"वेड लागलं का? पोलीस येऊन चौकशी करून जातात. नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात. ती मी नाही."

फोनमधून, लिल्लोच्या डोक्यावरच्या लाकडी तक्तपोशीतून, ठकठक ऐकू आली. सावकाश. दमलेल्या माणसाने ठोकावी तशी.

"आलो, ताई," लिल्लो वर तोंड करून म्हणाला, आणि फोन बंद झाला.

त्यानंतर तिंदारा रोज भांडत राहिली. कोणती परवानगी घेऊन गेली ती? तिला कसं कोणी अडवलं नाही? लिल्लो फोन उचलेनासा झाला. व्हिन्ससुद्धा हल्ली उत्तरं देत नव्हता. ती त्याच्यावरही डाफरायची, आणि तो पिंजऱ्याची गाठ मारत बसायचा.

एकदा आईने फोन उचलला. तिची खाट जिन्याच्या पायथ्याशी हलवली होती म्हणे, वरच्या लेकीशी बोलता यावं म्हणून.

"आई, मी तिंदारा."

"हळू बोल, बाई. माझी लेक वर झोपलीय."

"मी तुझी लेक आहे."

"माझी लेक आता ओरडत नाही," आई म्हणाली. आवाजात इतकं समाधान होतं की तिंदाराच्या तोंडून शिवीच निघाली. आईने फोन अलगद ठेवून दिला.

विलगीकरण संपलं आणि आठवड्याच्या आत आई गेली.

अंत्यविधीला मोजक्याच लोकांना परवानगी. लिल्लोने मोबाइलवरून दाखवला. फ्रीमँटलच्या स्वयंपाकघरात दोघं शेजारी बसून पाहत होती. पाद्री. शवपेटी. कडेला काळ्या कोटातली एक बाई, मास्क लावलेली, डावा खांदा तिंदारासारखाच जरासा पडलेला.

तिंदाराने व्हिन्सचा दंड धरला. "बघ तिला. आता तरी बघ."

व्हिन्सने डोळे पुसले. मोबाइलजवळ तोंड नेलं.

"किती वाळलीस गं," तो म्हणाला. "परत कधी येतेस?"

पडद्यावरच्या बाईने मान वर केली.

तिंदाराने त्याचा दंड गदागदा हलवला. माशी बसावी तसा त्याने तो झटकला.

मग उठून त्याने पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, आणि एकट्यापुरता पास्ता टाकला.