बाराच्या घंटेपर्यंत

कुशीनगरच्या विहारात सुक्या बोंबलाचा वास? मेघाली जागच्या जागी थबकली. बाहेर जानेवारीचं धुकं, आत उदबत्तीचा मंद दरवळ... आणि त्याला बाजूला सारून पुढे आलेला हा वास! किनारपट्टीवरच्या माकुणसारची, बागायती वाडीतली पोर ती, बोईसरच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला. तिचं नाक चुकणं शक्यच नव्हतं. पाठीवर बॅग टाकून, सारनाथ, श्रावस्ती करत ती एकटीच इथवर आली होती. आणि गाव बघा, तिच्याआधीच येऊन बसलेलं.

दोन खोल्या पलीकडे एक उंच, सावळा मुलगा उघड्या बॅगेपुढे उकिडवा बसला होता. तोंडावर नुसता घाम. जिन्यावरून म्हातारे भंतेजी हवा हुंगत खाली येत होते.

विहाराचे नियम दोनच. जेवण शाकाहारी, आणि सकाळपासून बाराच्या घंटेपर्यंत मौन. म्हणजे ओरडायचीही सोय नाही! मेघालीनं हात पुढे केला. त्यानं निमूट पुडकं दिलं. तिनं ते शालीत गुंडाळलं, भंतेजींना वाकून नमस्कार केला आणि तडक फाटकाबाहेरच्या चहावाल्याकडे नेऊन ठेवलं.

परत आली तर तो नळावर ताटं घासत होता. तिनं नाक दाबून दाखवलं. त्यानं राखेच्या हातांनी कान पकडले. घंटा होईपर्यंत दोघं शेजारी बसून ताटं घासत राहिली, आणि हसू दाबून दाबून मेघालीचं पोट दुखायला लागलं.

घंटा झाली.

"दातिवरे?" तिनं विचारलं.

तो उडालाच. "तुमी कसं वळखलं?"

"आमच्या दारावर तिकडचेच बोंबील येतात. पण विहारात कुणी आणतं का, वेड्या?"

"आयनं कोंबले. म्हणे, परमुलखात पोराच्या पोटाचे हाल नकोत." तो लाजून हसला. "मी दर्पण. बोटीचं इंजिन दुरुस्तीला हाय, म्हणून भटकतोय. तुमी?"

"माकुणसार."

"घ्या! अर्ध्या तासाच्या रिक्षेवर ऱ्हातो आपण... आणि भेटायला इथं यावं लागलं?"

चार दिवस कसे गेले, कळलंच नाही. सकाळी मुकाट झाडलोट, दुपारी नुसती बडबड. मौनातही तो तिच्या पेल्यात न विचारता जास्तीचा चहा ओतायचा, आणि ती तो गुपचूप प्यायची.

शेवटच्या दिवशी, घंटेनंतर, सालाच्या झाडाखाली त्यानं विचारलं. सरळच विचारलं. "तुझ्या तात्यांना भेटायला येऊ? तू फक्त हो म्हण... मग मी बघतो."

मेघालीच्या डोळ्यांपुढे तात्या उभे राहिले. वाडीवाल्यांची लेक वाडीवाल्यांतच, हा त्यांचा हेका. कोळी जावई? घर डोक्यावर घेतील! ओठांवर आलेला होकार तिनं गिळला. बारा कधीच वाजून गेले होते, तरी ती गप्पच राहिली.

"बरं," तो हळूच म्हणाला. "मी दातिवऱ्यातच हाय. बोलावंसं वाटलं, तर ये."

पुढचं वर्षभर बोईसरच्या भाड्याच्या खोलीत तिला ते विहार आठवत राहिलं. प्रयोगशाळेत दुपारचे बारा झाले की हातातली नळी तशीच राहायची. वेडीच होती, दुसरं काय!

मग घरून माईचा, तिच्या आईचा, फोन आला. "विरारचं स्थळ चांगलं हाय गो. रविवारी संध्याकाळी तात्या होकार कळवणार."

शनिवारी घरी आलेल्या मेघालीनं रविवारी सकाळी माकुणसारहून दातिवऱ्याची रिक्षा धरली. त्याचं लग्न झालं असेल तर? ओळखच दाखवली नाही तर?

किनाऱ्यावर दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. पाटी घेऊन दर्पण उभा होता. त्यानं तिला पाहिलं, आणि पाटी वाळूत पडली. ती तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं ओठांवर बोट ठेवलं. घड्याळ दाखवलं. साडेअकरा.

मेघालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं ओढणी खोचली आणि त्याच्या शेजारी उभं राहून बोंबील दोरीवर टाकायला लागली.

त्याची आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "कोण गो तू? काय रं दर्पण, पोर मुकी हाय काय?"

"नाय आय," तो म्हणाला. "बारा वाजू दे."

मग तू कसा बोललास, असं मेघालीनं डोळ्यांनीच दटावलं. त्यानं कान पकडले, तसेच, नळावरच्यासारखे.

गावात कुठल्याशा देवळात बाराची घंटा झाली. मेघालीनं हातातला बोंबील दोरीवर टाकला, हात पुसले.

"हो," ती म्हणाली. "वर्ष झालं, तोंडात अडकलाय. आता चल, संध्याकाळच्या आत तात्यांना गाठायचंय. आणि आय, तुमीपण चला... येताना चांगले जाडे बोंबील घ्या. तात्यांना फार आवडतात."