एकेचाळीस मजल्यांची सावली

माझं काम सावल्या तपासण्याचं आहे. असं सांगितलं की लोक हसतात, म्हणून हल्ली मी नुसतं 'आर्किटेक्ट' म्हणून मोकळी होते. शहरात उंच इमारत व्हायची असली की तिच्या रचनेसोबत एक सावलीचा नकाशा येतो. कुणाच्या अंगणात, किती वाजता, किती वेळ. तो खरा आहे की बिल्डरच्या सोयीचा, हे मी बघते. मागच्या एप्रिलमध्ये सुरतेत रिंग रोडच्या आतल्या एका टॉवरची रचना तपासायला पाचजणांची समिती बसली, तिच्यात मी होते.

टॉवर एकेचाळीस मजल्यांचा, सगळे राहण्याचे फ्लॅट. जागा एका पाडलेल्या थिएटरची. तिथे अजून एक वीटही रचलेली नव्हती. पत्र्याचं कुंपण आणि आत वाढलेल्या बाभळी, एवढंच. रचना गजेंद्र नावाच्या तरुण आर्किटेक्टची. तो आमच्याच खानदेशातला, वडील सुरतेतल्याच पांडेसऱ्यात कापड-रंगाईच्या कामावर होते, पण बोलायला लागला की अर्धं गुजराती. रचना सुंदर होती, हे मी आजही म्हणेन. प्रत्येक घराला दोन बाजूंनी वारा होता. बाकीचे सदस्य लॉबीतल्या दगडाच्या रंगावरून तासभर भांडले. मला अडचण एकच दिसली. नकाशात दुपारी चारला दहा कमी असताना टॉवरची सावली पूर्वेकडच्या चाळीच्या आवारात शिरत होती, आणि त्या चाळीत माझी फुई राहत होती.

फुई म्हणजे आत्या. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. सरलाफुईनेच मला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, वेळप्रसंगी झोडपलंही. नियमाने ही ओळख मी अध्यक्षांना सांगायला हवी होती. सांगितली नाही. फुई चाळीतल्या बायकांना घेऊन बिबडे करते. ज्वारीचा घाटा शिजवायचा, ओल्या धोतरावर थापायचा आणि खाटेवर कडकडीत वाळवायचा. एप्रिल-मेचं ऊन हातचं गेलं की तिचं वर्ष गेलं.

बैठक संपवून मी नकाशा घेऊन तशीच चाळीत गेले. पावणेचार झाले होते. आवारात पंधरा-वीस खाटा, वर पांढरी धोतरं, आणि ऊन असं की डोळे उघडवेनात.

पाच मिनिटांनी फुईच्या हाताखालची योगिता उठली आणि तिने दोन टाळ्या वाजवल्या. बायका उठल्या, पश्चिमेकडच्या खाटा दोघी-दोघींनी उचलून भिंतीकडे नेल्या. आवाराचा अर्धा भाग रिकामा झाला. रिकाम्या भागाची कड अगदी सरळ होती.

"हे काय चाललंय, फुई?"

"सावली येई राहिनी ना," फुई म्हणाली.

मी वर पाहिलं. आभाळ निरभ्र. खाटा उचलल्या तिथेही लख्ख ऊन.

"कशाची सावली?"

"ते माले काय माहीत, माय? होळीपाईन येस. पाच वाजता चालनी जास."

"अगं, इथे ऊन आहे!"

"दखाले ऊन शे. बिबडा थोडाच दखस? तो वाळस नही."

मी नकाशा उघडला. बायकांनी सोडलेली कड आणि कागदावरची रेघ एकच होती. कागद त्याच दिवशी सकाळी माझ्या हातात आला होता.

मग मी माझ्या स्वभावाला धरून वागले. उजेड मोजायचं यंत्र काढलं. रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे आकडा सारखाच. फरशीला हात लावला. अलीकडे चटका बसला, वीतभर पलीकडे माठाखालच्या फरशीसारखा गारवा. खालून पाण्याची लाइन जात असणार, असं मी योगिताला सांगितलं. तिने मान डोलावली, लहान मुलाची समजूत काढताना डोलावतात तशी. मला राग आला.

दुसऱ्या दिवशी मी गजेंद्रला फोन केला. पहिलं स्केच कधी काढलंस, असं सहज विचारलं.

"होळीच्या रजेत, बेन. केम?"

का ते राहू दे, मी म्हटलं. टॉवर नऊ मीटर उत्तरेला सरकव, म्हणजे चाळीच्या आवारातलं ऊन वाचेल, एवढंच सांगितलं. बिचाऱ्याने बुधवारी दुपारी अडीच वाजता सुधारलेला नकाशा पाठवला, तोही फक्त मला. मी गाडी काढली.

चारला दहा कमी असताना योगिताने टाळी वाजवायला हात वर केले आणि तसेच खाली घेतले. वाकून तिने फरशीवर तळवा टेकवला.

"आज आली नाही, ताई," ती म्हणाली. "आलीच नाही!"

बायका हसायला लागल्या. मीही हसले. मला कुणीतरी वाटीत गरम घाटा दिला, तेल घालून. लहानपणानंतर इतकी खूश मी क्वचितच झाले असेन. वाटी चाटूनपुसून मी फुईला शोधायला गेले.

तिची खोली आवाराच्या उत्तर टोकाला. गुडघे दुखतात म्हणून ती दुपारभर उंबऱ्यावरच बसते. ती पदर गच्च लपेटून बसली होती.

"आज आठे उनी," ती म्हणाली.

आठे म्हणजे इथे, तिच्या दारात. मी नवा नकाशा पाहिला. रेघ तिच्या उंबऱ्यावरून जात होती. मी फक्त आवार तपासलं होतं. नियमात मोकळ्या जागेतलं ऊन मोजतात. कुणाचा उंबरा कुठे आहे, हा रकानाच नसतो. इतकी वर्षं हेच काम करून मला ते सुचलं नाही.

पुढचे पाच दिवस ती चार वाजता गारठायची आणि पाचला सावरायची. जागची उठ म्हटलं तर ऐकायची नाही. स्वतःच्या दारातून कुणी उठवलेलं तिला चालत नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. शनिवारी मी तिचे पाय मांडीवर घेऊन चोळले. ते गारच राहिले. मला भीती वाटली. मी ठरवलं, हा टॉवर होऊ द्यायचा नाही.

मंगळवारच्या बैठकीत मी सावलीचा अहवाल असमाधानकारक आहे म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. मतं दोन-दोन अशी अडली होती, माझ्या मताने विरोधातली तीन झाली. अध्यक्षांनी फाइल मिटली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार वीस झाले होते.

गजेंद्र मॉडेल खोक्यात भरत होता. "ताई, तुम्हीच तर सरकवायला लावला ना?" तो अगदी नीट मराठीत म्हणाला. मी मान खाली घातली. लाज वाटली आणि हायसंही वाटलं.

बुधवारी दुपारी बाराच्या सुमाराला मी नानखटाईचा डबा घेऊन चाळीत गेले. आवार खाटांनी भरलेलं होतं. हसत मात्र कुणीच नव्हतं.

"ताई," योगिता पुढे आली. "काल ती गेली नाही."

"काय गेली नाही?"

"सरलाबाईंच्या दारातली. रोज सरकत सरकत पाचला जायची. काल मधेच थांबली. तिथेच आहे."

"किती वाजता थांबली?"

"चार वीसला. मी घड्याळ बघत बसले होते."

मी कुंपणापाशी जाऊन गजेंद्रला फोन लावला. रचना पुन्हा दाखल कर, म्हटलं. माझं मत तुझ्या बाजूने. फक्त टॉवर हलव, कुठेही हलव, हातभर तरी हलव.

"आता कसला हलवू?" तो म्हणाला. "बिल्डरने जागा सोडली. मी काल घरी जाऊन सगळं डिलीट केलं, ताई. ते आता राहिलं तसं राहिलं."

फुई उंबऱ्यावर होती. ऊन थेट तिच्या अंगावर. शेजारच्या खाटेवरचे बिबडे कडक होऊन कडेने वळले होते.

मी तिला हाताला धरून उठवलं. या खेपेला तिने हट्ट केला नाही. चार पावलं आवारात आणली. आणखी चार.

"आठे बी शे," ती म्हणाली.

मी आणखी पुढे नेली. अगदी पूर्वेच्या भिंतीपर्यंत.

"आठे बी. तू कितला फिरावस माले?"

मी तिला परत उंबऱ्यावर बसवलं.

"दिवा तरी लाव ना, माय. कितला अंधार पडी गया."

मी तिच्यासमोर वाकले. भर उन्हात माणसाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तिच्या पसरल्या होत्या. डोळे जवळजवळ पूर्ण काळे दिसत होते.

मी आत जाऊन दारावरच्या बल्बचं बटण दाबलं.

"हां," फुई म्हणाली. "आते दखायनं."

त्या उन्हात बल्ब पेटलाय की नाही, हे मला कळत नव्हतं. तिच्या बाहुल्या मात्र हळूहळू बारीक होत गेल्या.