चियांग माईला जाण्याआधी

शेअर रिक्षा नवी पेठेच्या तोंडाशी थांबली. बुद्धप्रिया उतरली, गर्दीतून दहा पावलं चालली आणि जागच्या जागी गार पडली. पर्स होती, पाण्याची बाटली होती... फाईल नव्हती!

वळून पाहते तो रिक्षा दिसेनाशी झालेली. त्या फाईलमध्ये तिचा पासपोर्ट होता, आणि थायलंडचा निवृत्तांसाठीचा व्हिसा तत्त्वतः मंजूर झाल्याचं पत्र.

"अवो बाई... थांबा की!"

रिक्षात शेजारी बसलेला तो उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस फाईल उंच धरून धापा टाकत येत होता.

"कवाधरनं हाका मारतोय. चालता का उडता तुमी?"

"तुम्ही... माझ्यासाठी एवढं पळत आलात?"

"पस्तीस वर्सं पोस्टमन होतो. दुसऱ्याचा कागद हातात ऱ्हायला की जिवाला चैन पडत न्हाय." मग जरा ओशाळून तो म्हणाला, "आत वाचलं न्हाय हां, फकस्त वरचं नाव बघितलं. बुद्धप्रिया कसबे. लई गोड हाय... नाव."

साठाव्या वर्षी, भर दुपारी, नवी पेठेत आपण चक्क लाजलो, याचा तिला स्वतःचाच राग आला. तरी तिने त्याला चहा पाजला.

त्याचं नाव हरिदास. मूळचा करकंब गावचा. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी पुण्याला सासरी. आणि बुद्धप्रिया? तिने आयुष्यभर दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या, तीन भावांची शिक्षणं केली, त्यांची लग्नं लावली. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. आठ वर्षांपूर्वी ती बौद्ध उपासिकांच्या सहलीबरोबर थायलंडला गेली होती. चियांग माईच्या एका विहाराच्या पायरीवर बसली असताना तिला वाटलं — इथे आपल्याला कोणी हाक मारून काम सांगणार नाही. तेव्हापासून तिने तोच एक ध्यास घेतला होता. भावांनी बोलणं सोडलं, तरी ती हटली नाही.

आता शेवटचं काम उरलं होतं. महिन्याच्या आत मूळ पासपोर्ट, पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि पेन्शनचा कागद मुंबईला थायलंडच्या वकिलातीत पोचायला हवा होता. मगच पासपोर्टवर व्हिसा लागणार होता.

चहा संपता संपता तिने दाखवलेला पेन्शनचा कागद हरिदासने डोळ्यांजवळ नेला आणि मिशीतल्या मिशीत हसला.

"हसताय काय?"

"हितं 'बुद्धप्रिय' लिवलंय. एक काना खाल्ला आन् बाईचा बाप्या केला की!"

तिने कागद ओढून घेतला. नावात फरक म्हणजे अर्ज परत!

"घाबरू नका," तो म्हणाला. "तुमचा काना आनून दिल्याबिगर मी बसत न्हाय."

आणि खरंच, तो बसला नाही. दुरुस्तीसाठी तीन खेपा, प्रतिज्ञापत्र, भाषांतर — प्रत्येक ठिकाणी तो तिच्या आधी पोचून रांगेत उभा. उन्हं चढली की स्वतःची टोपी तिच्या पुढे करायचा. ती नको म्हणायची... आणि घालायची. एकदा फोटोवाला तिसऱ्यांदा वैतागला, "मॅडम, व्हिसाच्या फोटोत हसायचं नसतं."

"मग ह्यांना बाहेर उभं करा," ती म्हणाली.

"म्या काय केलं?"

"काही नाही. नुसते दिसताय."

बाहेर जाताना त्याचे कान लाल झालेले तिने आरशात पाहिले.

मुदतीला सहा दिवस असताना लिफाफा मुंबईला गेला, आणि पंधरवड्याने पासपोर्ट परत आला. आत कोरा करकरीत व्हिसा! तिने पहिला फोन हरिदासला लावला.

"झालं का? झ्याक... लई झ्याक." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

मग चार दिवस त्याचा पत्ता नाही. फोनही उचलेना. पाचव्या दिवशी सकाळी ती थेट कंबर तलावावर गेली. तो रोज तिथे फिरतो हे तिला ठाऊक होतं. बाकावर एकटाच बसला होता. दाढी वाढलेली.

"फोन का उचलत नाही?"

"काय बोलू?" तो पाण्याकडेच बघत राहिला. "आनंद झाला वो... खरंच झाला. पन घरी आलो आन् वाटलं, उद्यापासनं कुनासाठी रांगेत हुबं ऱ्हायाचं?" त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "जीव जडलाय तुमच्यावर. आता ह्या वयात हे बोलावं का न्हाय... पन बोललो. तुमी थांबू नका. तुमी जावाच."

बुद्धप्रिया त्याच्या शेजारी बसली. सगळं आयुष्य तिने दुसऱ्यांना विचारलं होतं, तुला काय हवं? स्वतःसाठी कुणाकडे काही मागायची ही पहिलीच वेळ होती.

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "पण मला एकटीने जायचंय असं कोण म्हणालं?"

त्याने चमकून पाहिलं.

"तुमच्याकडे पासपोर्ट आहे?"

"न्हाय."

"मग काढू या. आधी नुसते बघायला या. आवडलं तर... पुढचं पुढे."

"मला तितलं काय कळनार? भाषा न्हाय, वळख न्हाय..."

"मी आहे की."

तिने तिथेच मोबाईल काढला. अर्ज उघडला. नाव, जन्मतारीख, जन्मगाव करकंब — तो सांगत गेला, ती भरत गेली. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला होता. दोघांपैकी कोणीच सरकलं नाही.

"वैवाहिक स्थिती," तिने वाचलं. बोट क्षणभर थांबलं. "विधुर टाकते... सध्या."

"सध्या?"

ओठांच्या कोपऱ्यातलं हसू लपवत तिने पुढचा रकाना उघडला.