इथे खाली कुठे आहे?

एका पत्राला मी कित्येक आठवडे उत्तर दिले नव्हते. हे पत्र आकाशातून आले होते.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका अंतराळ स्थानकावर (माणसे राहून प्रयोग करतात अशा, आकाशात बांधलेल्या घरावर) इरावती पाटणकर नावाची दहा वर्षांची मुलगी राहते. तिची आई तिथले संगणक सांभाळते. सामान पोचवून परतणाऱ्या यानातून तिने मला चक्क कागदावर लिहून पाठवले होते :

‘आजोबा, जुन्या खेळांवरच्या तुमच्या पुस्तकात लिहिलंय, की पचिसी खेळताना कवड्या मुठीत खुळखुळवून खाली टाकाव्यात. इथे खाली कुठे आहे? मुठीतून सोडल्या की कवड्या तरंगत जातात. एक तर जेवणाच्या टेबलावर जाऊन फिरत राहिली. मग मी मूठ उघडून दाखवायला लागले. जुमा म्हणाला, कवडीची चीर बोटाला कळते, तू लबाडी करतेस. मग संगणकाकडून आकडे घेतले, तर म्हणाला, तो तुझ्या आईचाच आहे. आता तो माझ्याशी बोलत नाही. या स्थानकावर आम्ही दोघंच मुलं आहोत, आणि अजून वर्षभर इथेच राहायचंय. लवकर कळवा.’

जुमा केनियाच्या समुद्रकिनाऱ्यावरचा. कवड्या त्यानेच घरून आणल्या होत्या.

मी पुस्तकातला माणूस. पचिसी कुठून कुठे गेली हे मला सांगता येते, पण आकाशात कवडी कशी पाडावी हे मला कोण सांगणार? चुकीचे काही लिहिले तर त्या मुलांचे भांडण आणखी वाढेल, अशी भीती वाटे. म्हणून पत्र रोज वाचायचो आणि परत पाकिटात ठेवायचो.

शेवटी माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, विचारले. आम्ही दोघे मिरजेला एकत्र राहतो आणि संध्याकाळी पचिसीचा कापडी पट मांडतो.

“दत्तू, तुझं लक्ष कुठंय? तुझी सोंगटी मी केव्हाच मारली.”

मी तिला पत्र दाखवले. तिने चष्मा लावून ते दोनदा वाचले.

“यान परत कधी जाणार?”

“टपाल परवापर्यंत द्यायचंय.”

“आणि तू अजून बसून आहेस! पोरं बोलत नाहीत एकमेकांशी!”

आमचा घरकामाचा यंत्रमानव खटपट्या चहाचे कप उचलत होता. तो म्हणाला, “काकासाहेब, त्यात काय अवघड? आकडा मी देतो. चार.”

“चारच का रे?” अक्काने विचारले.

“सहज.”

“सहज म्हणे! तुझ्या पोटात काय चाललंय ते मला दिसतं का? कवडीचं कसं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडते.”

तिच्या त्या बोलण्याने मला एकदम धीर आला, कारण हीच गोष्ट खेळाच्या इतिहासातही आहे. पचिसी कोणी शोधली ते कुणालाच ठाऊक नाही. पंचवीस हे तिच्यातले मोठे दान, त्यावरून तिचे नाव पडले. ती कापडावर खेळली गेली, फरशीवर खेळली गेली. फत्तेपूर सिक्रीला तर अंगणातच मोठा पट आखलेला आहे, आणि तिथे सोंगट्यांच्या जागी माणसे चालवत, असे सांगतात. तिच्या बहिणीला, चौसरला, कवड्यांऐवजी लांबट फासे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तिचे सोपे रूप निघाले, तेव्हा सहा बाजूंचा ठोकळा आला. तोच आपला लुडो. म्हणजे घर बदलले तसे दान पाडायचे साधनही बदलत गेले. मात्र दान यादृच्छिक (कुणालाही आधी सांगता येणार नाही असे) असावे आणि ते सर्वांना दिसावे, हे दोन नियम कुठेच बदलले नाहीत.

“मग आता खेळ आकाशात राहायला गेलाय,” मी म्हणालो. “तिथलं साधन शोधायला हवं.”

“शोध की मग.”

“पण अक्का, तिथे वस्तू पडतच नाहीत.”

“का पडत नाहीत? पृथ्वीची ओढ तिथं नाही का?”

इथे पुष्कळजण चुकतात. ओढ आहे, इथल्यापेक्षा जराशीच कमी. ते दाखवायला मी अक्काची प्लॅस्टिकची पारदर्शक बरणी मागितली, तिच्यात कवड्या घातल्या आणि झाकण लावले.

“माझी लोणच्याची बरणी!” अक्का ओरडली. “फुटली तर तुलाही खाली टाकीन.”

खटपट्या बरणी घेऊन गच्चीवर गेला. अंगणात आम्ही गादी अंथरली. त्याने बरणी हलवून सोडून दिली आणि आपल्या कॅमेऱ्याने ती पडताना टिपली. मग ते चित्र त्याने आम्हाला अगदी सावकाश दाखवले. बरणी खाली येत होती आणि आत कवड्या मधोमध तरंगत होत्या! तळाला टेकायला एकही तयार नव्हती.

“अगंबाई!” अक्का म्हणाली. “सगळ्याच पडतायत, पण पोचत कुणीच नाही.”

यालाच मुक्त पतन (कशाचाही आधार न घेता, फक्त पृथ्वीच्या ओढीने पडत राहणे) म्हणतात. बरणी आणि कवड्या सारख्याच वेगाने पडतात, म्हणून आतल्या आत कवड्या तरंगतात. स्थानकही असेच सतत पडत असते. पण ते पुढेही इतक्या वेगाने जाते, की ते जेवढे खाली येते तेवढीच गोल पृथ्वीची जमीन त्याच्याखालून वळून दूर जाते. म्हणून ते पडतच राहते आणि पोचत कधीच नाही. इरावती, जुमा, टेबल, कवड्या, सगळे एकत्र पडत असतात. मग कवडी कुणाकडे पडणार?

“शेवट परत दाखव रे,” मी खटपट्याला म्हणालो.

बरणी गादीवर आपटली. तिचा तळ थांबला आणि तरंगणाऱ्या कवड्या त्याच्यावर येऊन आदळल्या. आतून पाहिले असते तर काय दिसले असते? कवड्या जागच्या जागी आहेत आणि तळच त्यांच्याकडे धावत आला आहे!

मी ताडकन उभा राहिलो. “अक्का, कवडी जमिनीकडे जात नसेल, तर जमीन कवडीकडे न्यायची!”

“आणि जमीन लागल्यावर ती परत उडाली तर?”

“दुसऱ्या बाजूनेही एक ताटली आणायची. मध्ये दाबून धरायची.”

मग मी लिहायला बसलो. एक पारदर्शक डबा. त्यात समोरासमोर सरकणाऱ्या दोन सपाट ताटल्या, त्यांपैकी एक लाल, दुसरी पारदर्शक. लाल ताटली म्हणजे खाली. डबा जोराने हलवायचा, म्हणजे कवड्या एकमेकींवर आपटून अशा फिरतील की हलवणाऱ्यालाही काही सांगता येणार नाही. मग ताटल्या जवळ आणायच्या आणि लाल ताटलीकडे किती कवड्यांची पाठ आहे, म्हणजे किती चिरा वर आहेत, ते दोघांनी मोजायचे.

“पण चीर वर आणि पाठ वर, हे सारखंच कुठं येतं?” अक्काने विचारले.

“सारखं यायची गरज नाही. कवडी वाकडी असली तरी दोघांनाही तीच कवडी. मग अन्याय कुणावर?”

“हेही लिही.”

मी लिहिले. पण लेखणी परत अडली. “अक्का, हे तिथे चालेल की नाही, माझी खात्री नाही.”

“नसेल तर तसं लिही. पण लिही बाबा!”

म्हणून मी शेवटी लिहिले : ‘इरावती, हे मी तरंगून पाहिलेले नाही. माझे चुकत असेल. तुम्ही दोघांनी पुष्कळ वेळा करून पाहा, प्रत्येक दान टिपून ठेवा, आणि काही बदलावे लागले तर मलाही कळव. डबा जुमाला बनवू दे. पहिले दानही त्यालाच दे. कुणास ठाऊक, पुढे मंगळावर जाणारी मुले तुमच्याच रीतीने खेळतील. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस.’

टपालाच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघेही टपाल कार्यालयात गेलो. अंतराळाच्या पत्रांसाठी तिथे निळी पेटी आहे. पाकीट फटीपाशी धरून मी जरा थांबलो.

“काकासाहेब, मी टाकू का?” खटपट्याने विचारले.

“नको,” अक्का म्हणाली. “हे दान त्याचं आहे.”

मी बोटे सोडली. पेटीच्या तळाशी पत्र पडल्याचा आवाज आला. इथे ‘खाली’ आहे, हे किती सोयीचे, असे मला वाटले. आणि जिथे ते नाही तिथे आता दोन मुले मिळून ते ठरवतील.